निंबाखालच्या पिकअपची दुसरी चावी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी निंबाखाली एक इस्त्रीवाला आपली हातगाडी लावायचा. नाव मी कधी विचारलं नाही. कपडा घ्यायच्या आधी ओलं बोट इस्त्रीला लावायचा आणि चर्र आवाज आला की समाधानानं मान डोलवायचा.

माझा झेंडू बाजारात नेणारा जुना पिकअपही त्याच निंबाखाली असायचा. सकाळी लावलेला पिकअप संध्याकाळी चार हात पुढं दिसायचा. "तुमचं लक्ष कुठं असतं?" बायको म्हणायची आणि मलाही ते पटायचं.

चावीचा लॉक इतका झिजला होता, की कपाटाच्या चावीनंही गाडी सुरू व्हायची. चोरीच्या भीतीनं एका रविवारी मी नवा लॉक आणून निंबाखालीच बसवायला घेतला. स्टेअरिंगखालचं झाकण काढलं, तसा तो इस्त्री उभी ठेवून आला.

"बदलू नका भाऊ. लय हलका फिरतो हा."

"तुला कसं माहीत?"

नवा लॉक बसला, इंजिन धडधडलं आणि त्याचा चेहरा इस्त्री न केलेल्या कपड्यासारखा चुरगळला. त्यानं खिशातून आपल्या पैशांच्या पेटीची चावी काढली.

"दुपारी सावली सरकते, तिथं नेमकी तुमची गाडी. मग हिनंच पुढं घ्यायचो. आता मी उन्हात उभं राहू का?"

चोरासाठी बसवलेल्या लॉकची दुसरी चावी मी मुकाट्यानं त्याच्या हातात ठेवली. ती करदोट्याला अडकवत तो म्हणाला,

"आन् भाऊ, डिझेल भरत जा. परवा द्वारका चौकात बंद पडली, ढकलत आणावी लागली."