कॅमेरा प्रिंट

पाखरं येऊ नयेत म्हणून नाते गावच्या माझ्या भाचीने परसातल्या मांडवावर जुन्या सीड्या टांगल्यात. परवा त्या उन्हात चमकल्या आणि मला आमचे हे आठवले.

अर्धांगवायूने ह्यांची वाचा गेली होती. सिनेमाचं वेड मात्र तसंच. म्हणून दर सोमवारी मी महाडच्या एसटी स्टँडामागे सीड्या विकणाऱ्या सदूकडे जायची. मुंबईत शुक्रवारी लागलेला सिनेमा तोवर त्याच्याकडे भजनाच्या कव्हरात येऊन बसलेला असायचा. चोरीचाच माल, खोटं कशाला बोलू?

"काकी, चार दिवस थांबा," सदू म्हणायचा. "हा कॅमेरा प्रिंट हाय, टॉकीजमधी लपून काढलेला. मधी लोकांची डोकी येतात."

"येऊ दे रे. डोकीच हवीत त्यांना."

खरंच, त्यातल्या शिट्ट्या नि खोकले ऐकले की ह्यांना टॉकीजात बसल्यागत वाटायचं.

एकदा ऐन मारामारीत पडद्यासमोर कुणीतरी उठून उभा राहिला. सगळं काळं झालं. आणि खाटेवरून आवाज आला, "ए, बस खाली!"

सहा महिन्यांनी फुटलेले पहिले शब्द! आता वाटतं, सदूचं ऐकून स्वच्छ प्रिंटसाठी थांबले असते तर? तेव्हा मी रिमोट घेतला, सीडी मागे नेली आणि त्या माणसाला पुन्हा उभा केला. हे पुन्हा ओरडले. त्या दुपारी बिचाऱ्याला किती वेळा उठवला, देव जाणे. सिनेमाचा शेवट काही आम्ही पाहिला नाही.