देवीच्या पालखीला दिलेला खांदा

गिरीजमध्ये देवीच्या पालखीला माझ्याएवढा दणकट खांदा दुसऱ्या कुणाचा नव्हता. हे मीच सगळ्यांना सांगायचो, कारण दुसरं कुणी सांगत नव्हतं.

पण खांदा दिला हे खरं. मिसरूड फुटल्यापासून दर चैत्रात मागचा डावा दांडा माझा. बाकी शाळा नाही, नोकरी नाही, वाडीतली केळी आणि नारळ. साठी उलटली तरी माडावर चढायचो. माडावरून कधी पडलो नाही. पडलो तो बाजेवरून, झोपेत. कमरेचं हाड मोडलं. बायको म्हणाली, "एवढे उंच माड सोडून ही बाजच सापडली का पडायला?"

हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता चालायचं, नाहीतर आहे तेवढंही जाईल. मी हो म्हटलं आणि झोपून राहिलो. भीती वाटायची. पण माडावर चढणाऱ्याने हे सांगायचं कुणाला? तेव्हा आमच्या रस्त्याला बोळिंजची फ्लॅटवाली माणसं सकाळी चालायला यायला लागली होती. बूट घालून भराभर यायची आणि कुठेच न जाता परत जायची. आधी मी त्यांना हसायचो. आता ओटीवरून त्यांना बघायचो आणि भिंतीकडे तोंड करायचो. बायको केळींना पाणी घालून यायची आणि मग मला धरून मोरीवर न्यायची. तिचीही पाठ वाकत चालली होती. तिच्या गळ्यात हात टाकून उठताना रोज वाटायचं, मी एकटा नाही जात, हिलाही घेऊन जाणार. देवीला म्हणायचो, चालवत नसशील तर ने मला. ती चालवेना आणि नेईना.

त्या चैत्रात ढोल ऐकू आला तशी मी चादर डोक्यावरून घेतली. पालखी आमच्या दारात थांबली. बायको आरतीचं ताट घेऊन अंगणात उतरली. तेवढ्यात कुणीतरी माझी चादर ओढली. अनोळखी माणूस, पॅन्ट-शर्टातला, घामाने भिजलेला.

"बाबा, उठा. मागे डावीकडे माणूस कमी आहे."

"अरे, मला मोरीवर न्यायला माणूस लागतो."

"मोरीवर नंतर जा," म्हणाला. काखेत हात घालून त्याने मला उभं केलं, अंगणात नेलं आणि दांड्याखाली सोडलं.

मी दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरला आणि डोळे मिटले. आता पडणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण पालखी निघाली आणि मीही निघालो. काय सांगू, खांद्यावर वजनच नाही. सागवानी पालखी, आत पितळेची देवी, आणि मला भार कळेना. देवळापर्यंत मी रडतच गेलो. मागे वळून बघतो तर तो माणूस नाही. कुणी म्हणे फुलपाड्याहून नवस फेडायला आला होता, कुणी म्हणे आम्ही असा कुणी बघितलाच नाही.

तेव्हापासून काठी घेऊन रोज देवळापर्यंत जातो. बरा झालो असं नाही. कित्येक सकाळी दाराशीच वाटतं, कशाला आता, कुणासाठी? मग देवीला म्हणतो, माझ्याच्याने होत नाही बाई, तू ने. असं म्हटलं की एक पाय पुढे पडतो. मोरीवर एकटा जातो. बायकोची पाठ सरळ झाली नाही, पण आणखी वाकली नाही. मला तेवढं पुष्कळ आहे. ज्याने चादर ओढली त्याला रोज हात जोडतो.

एकदा देवळाच्या पायरीवर बसून मी हे सगळं सांगत होतो, देवीने माझा भार स्वतः कसा घेतला ते. शेजारचा पांडू तिथेच शेंगा खात बसला होता. त्या दिवशी मागचा उजवा दांडा त्याच्याकडे होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हातातली टरफलं झटकली.

"भार कळेल कसा काका? तुम्ही वाकून एवढुसे झालात, दांडा तुमच्या खांद्याला टेकलाच नव्हता. हातांनी लोंबकळत होतात. त्या दिवशी देवी आणि तुम्ही, दोघं आमच्याच खांद्यावर होतात."