दोराचे दोन वेढे

मुलगी नदीत उतरली की मला एका जागी उभं राहवत नाही. हिंगणघाटजवळ वेणा नदीत ती एकटीने बसायची छोटी नाव वल्हवते आणि मी काठाने येरझारा घालतो. शेवटी वैतागून तिनेच मला काम लावलं. एक पिशवी दिली, आत वीसेक मीटर दोर. कुणी पाण्यात पडलं तर दोराचं एक टोक हातात धरायचं आणि पिशवी त्याच्याकडे फेकायची. पिशवी जाईल तसा आतला दोर सुटत जातो.

"पण दोर हाताले गुंडाळू नका जी," तिने बजावलं. "धार ओढून नेते तुम्हाले. नाई झेपला तर सोडून द्यायचा."

सोडून द्यायचा म्हणे! तीस वर्षं मी बैल हाकले. कासऱ्याचे हाताला दोन वेढे घ्यायचे, हे माझे हात मला न विचारताच करतात. अंगणात बादलीवर नेम धरून पिशवी फेकायचो तेव्हाही वेढे पडायचेच, आणि ती दर वेळी ते सोडवायची. माझं डोकं फिरायचं. मला दोर धरायला शिकवते ही!

गेल्या वर्षी पावसाळा सरला तरी पाण्याला ओढ होती. सोबतची मैत्रीण नाव घेऊन बरीच पुढे गेली होती, आणि खडकापाशी हिची नाव पालथी झाली. मी पिशवी फेकली, ती हिच्या मागे पडली. भराभर दोर ओढून पुन्हा फेकली. या वेळी तिने दोर धरला. धारेने असा हिसका दिला की माझे पाय चिखलावरून घसरले आणि मी गुडघाभर पाण्यात गेलो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि दोर सोडून दिला.

मी धडपडत काठावर आलो. लाइफ जॅकेटमुळे तिचं डोकं वर दिसत होतं, त्याच्यावर नजर ठेवून काठाने धावत सुटलो. पुढे वळणावर पाणी संथ होतं. तिथे ती आपली आपण पोहत काठाला लागली.

"काऊन सोडला वो दोर? मी धरून होतो ना!" मी तिच्यावर खेकसलो.

ती धापा टाकत होती. तिने माझा उजवा हात पुढे ओढला. दोराचे दोन वेढे त्यावर तसेच होते, कातडीत रुतलेले.

"म्हणूनच सोडला जी," ती म्हणाली आणि वेढे सोडवायला लागली.