सुक्या बोंबलांचा पहारा

पार्किंगचे पैसे घ्यायचे आणि वर पाटी लावायची, ‘सामानाची जबाबदारी मालकाची’. याला धंदा नाही, निलाजरेपणा म्हणतात! चिपळूणच्या हॉटेलात मुक्कामाला थांबलेलो, तेव्हा मी मॅनेजरला हे तोंडावर सुनावलं. माझ्या गाडीत भाड्याचे स्पीकर आणि माईक होते. दुसऱ्या संध्याकाळी डोंबिवलीत, मानपाड्याला, आमची मैदान वाचवायची सभा होती. ते चोरीला गेले तर सभाच गेली.

शेजारच्या गाडीपाशी कोलशेतला घरी निघालेली एक मावशी उभी होती. कमरेवर हात ठेवून तिने माझं भाषण पुरतं ऐकलं.

“आरं बाला, किती बोंबलतंस? माजी गारी कोन फोरत नाय.”

मग तिने मला डिकी उघडायला लावली, आपल्या गाडीतली सुक्या बोंबलांची एक पिशवी उघडीच माझ्या स्पीकर-माईकवर ठेवली आणि माझ्या पाठीत थाप मारून खदखदून हसली.

“चोराला काय नाक नाय?”

सकाळी सामान जागच्या जागी होतं. पाटीचा राग माझा अजून गेलेला नाही. पण मानपाड्याच्या सभेत, एरवी माईक न सोडणारे आमचे पुढारी नाकाला रुमाल लावून दोन वाक्यांत खाली बसले, आणि मी पहिल्यांदाच पोटभर बोललो.