धावड्याच्या विहिरीतलं सोनं

त्या दिवशी धावड्याच्या शाळेत माझा भूगोलाचा तास चालू होता आणि यूसुफभाई दारात येऊन उभे राहिले... हातात फडक्यात गुंडाळलेला दगड. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नुकताच मास्तर झालो होतो.

यूसुफभाई गावाची विहीर खोदत होते. खडकाच्या पोकळीत पांढरी गार, म्हणजे गारगोटी, निघाली होती आणि तिच्यावर पिवळी चमक. "गुरुजी, हे सोनं हाय का? बराबर सांगा. न्हाई तर उद्या सुरुंग लावतो."

आमच्या घरात शिकलेला मी पहिलाच. 'माहीत नाही' म्हणायची लाज वाटली... सोनं डोंगराळ भागात पांढऱ्या गारेत सापडतं, एवढं वाचलेलं होतं. गार हातात होती, अजिंठ्याचे डोंगर समोर होते. मी म्हणालो, असू शकतं.

झालं... काम थांबलं. माणसं विहिरीवर पहारा देत बसली आणि बायका उन्हातून लांबच्या झऱ्याचं पाणी वाहत राहिल्या. आठ दिवस. शाळेत जाताना मला त्या हंड्यांकडे बघवेना.

भोकरदनला पाण्याच्या सर्व्हेचे एक साहेब आलेत असं कळलं, तशी सायकल काढली. ते आले, गारेवरच्या पिवळ्या भागावर हातोडी मारली... त्याचाही चुरा झाला. सोनं असतं तर चपटं झालं असतं म्हणाले. ही पिवळी चमक लोखंडाच्या गंजाची.

मग त्यांनी मातीत रेघा ओढून समजावलं. जमिनीचे मोठे तुकडे एकमेकांवर रेटले जातात, खडकांना घड्या पडून डोंगर वर येतात. खोलवर तापलेलं पाणी सोनं विरघळवून भेगांतून वर चढतं आणि वाटेत गारेसोबत ते मागे सोडतं. आपल्याकडे मात्र लाव्हाचे सपाट थर, एकावर एक; त्यांत सोनं कुठून येणार.

मी आणखीच गोंधळलो. मग समोर डोंगर दिसतात ते काय... साहेब म्हणाले, "हे डोंगर घड्या पडून वर आलेले नाहीत गुरुजी. आजूबाजूचं झिजून गेलं, हे उरले."

मी सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी होती. "पहिल्याच दिवशी ठाव न्हाई म्हणले असते, तर आतापर्यंत पाणी लागलं असतं," यूसुफभाई एवढंच बोलले आणि सुरुंगाच्या तयारीला लागले.

चार दिवसांनी पाणी लागलं. मी जायला कचरत होतो, तर यूसुफभाईंनीच बोलावणं धाडलं आणि पहिली ओंजळ मला प्यायला लावली. गढूळ होतं... गोड होतं.

जे उरलं त्यालाच डोंगर म्हणायचं, हे कोडं मला अजूनही पुरतं सुटलेलं नाही. पण त्यानंतर तीस वर्षं वर्गात 'मला माहीत नाही, विचारून सांगतो' म्हणताना जीभ कधी अडखळली नाही... ते देणं यूसुफभाईंचं.