बैठकीला चालेल असा प्रोसेसर

आमच्या घरात मोठी खरेदी माझ्याकडे असते. फ्रिज, गाडीचे टायर, बोअरची मोटर, जे काही असेल त्याची आधी यादी होते, मग चौकशी, मग दुकान. माझे मिस्टर शिल्पकार आहेत. त्यांच्यावर सोडलं तर ते मोटरसुद्धा आकार बघून आणतील. त्यामुळे त्यांच्या नव्या कॉम्प्युटरसाठी प्रोसेसर निवडायची वेळ आली, तेव्हा मी वही घेतली आणि त्यांनी चहा घेतला.

कॉम्प्युटर त्यांच्या आयुष्यात उशिरा आला. पडेगावला आमच्या घरामागं शेड आहे, तिथं ते मातीत पुतळे करायचे. मग उजवा खांदा गेला. ऑपरेशन झालं, आणि ओली माती उचलायला व हात वर धरून काम करायला डॉक्टरांनी कायमची बंदी घातली. बरेच दिवस ते शेडमध्ये जाऊन नुसते बसायचे. शेवटी आमच्या मुलीनं पुण्याहून येऊन त्यांना स्क्रीनवर शिल्प करायला शिकवलं. पाटीसारख्या टॅबलेटवर पेन फिरवायचं, की स्क्रीनवरचा गोळा दबतो, फुगतो, खरवडला जातो. झालेलं शिल्प चितेगावच्या एका वर्कशॉपमधलं यंत्र थर्माकोलमध्ये कोरून देतं. त्यावर आमचे कारागीर मातीचा पातळ थर देतात, पुढं साचा आणि ओतकाम नेहमीसारखं. हात टेबलावर, खांद्याला आराम. मला ही व्यवस्था फार आवडली. त्यांना नाही.

"मातीला दाबलं की ती दबते," ते म्हणायचे. "याला दाबलं की हा विचार करत बसतो."

तेवढ्यात बिडकीनच्या पुढच्या एका गावातून काम आलं. खांद्यानंतरचं पहिलं मोठं काम. मेंढपाळ घराणं, दोन भावांपैकी थोरला अजून मेंढरं राखतो, धाकटा कंपनीत जातो. वडील वारले होते. शेतातल्या समाधीवर त्यांचा अर्धपुतळा बसवायचा होता, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी. फोटो एकच, आधार कार्डावरचा, म्हणजे ज्यात कोणीच स्वतःसारखं दिसत नाही.

मिस्टरांनी मला बजावून ठेवलं होतं. "हे जमलं तर ठीक. नाहीतर ही पाटी-पेन्सिल पोरीला परत देऊन टाक. मी आणि माती बघून घेऊ. खांद्याचं व्हायचं ते होऊ दे."

ते असं नुसतं बोलत नाहीत, करतात. म्हणून हे काम जमून येणं त्यांच्याइतकंच मलाही हवं होतं.

आमच्या कामात चेहरा पास करायची एक रीत आहे, तिला आम्ही बैठक म्हणतो. घरचे लोक येतात, ओल्या मातीसमोर बसतात आणि प्रत्येक जण बोलतो. नाक मामाचं आलं, कपाळ मोठं झालं, बाबा इतके गोड कधीच नव्हते. शिल्पकार ऐकत ऐकत त्यांच्या देखत अंगठ्यानं बदल करत जातो. कॉम्प्युटर आल्यापासून मी बैठक बंद केली होती. शेडमध्ये गर्दी नको, चहाची खटपट नको. त्याऐवजी मी रेंडर पाठवायचे. रेंडर म्हणजे कॉम्प्युटरनं ऊन, सावली, रंग, कापडाचा पोत सगळं हिशेबात धरून काढलेलं पक्कं चित्र. फोनवर फोटोसारखं दिसतं. घोंगडीच्या लोकरीचा एकेक तंतू मोजता मोजता आमचं जुनं मशीन मात्र दमून जायचं. आज लावलेलं चित्र उद्या मिळायचं. म्हणून माझ्या यादीत पहिली ओळ होती: रेंडर लवकर झालं पाहिजे.

मी चित्र पाठवलं की धाकट्याचा फोन यायचा. "ताई, आम्हाला पटलं. पन माय नाय म्हनती."

"काय नाही म्हणते?"

"तेच सांगंना. नुसती नाय म्हनती."

मग एक दिवस माय स्वतः आली. धाकट्यानं तिला मोटरसायकलवर आणलं होतं. पदर नीट करून ती स्क्रीनसमोरच्या खुर्चीत बसली आणि तिनं विचारलं, "हे कोन?"

"माय, आपले बाबा हायेत."

"तुझा बाप आसा गुमान कवा बसला?" मग मिस्टरांकडं वळून ती म्हणाली, "गाल आत घ्या जरा. दाढा पडल्या व्हत्या त्यांच्या."

मिस्टरांनी पेन दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग दोन्ही दाब एकदमच लागून गाल खोल गेला आणि माणूस महिनाभर उपाशी असल्यासारखा दिसायला लागला. तोवर माय भुवईवर पोचली होती.

"झोपलं व्हय हे?"

"नाही मावशी," मी म्हटलं, "फाईल जड आहे."

"आमचं म्हातारं बी आसंच. हाक मारली की घटकाभरानं ओ द्यायचं."

आम्ही सगळे हसलो, मिस्टर सोडून. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि खांदा चोळला. माय उठली. "ह्याला जरा शिकवा," ती म्हणाली, "मग मला बोलवा."

त्या दिवशी मिस्टर संध्याकाळपर्यंत शेडमध्ये मातीच्या पिंपाशेजारी बसले होते. झाकण उघडून. मी यादी घेतली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना गाडीत घातलं.

शहरात निराला बाजारच्या मागच्या गल्लीतल्या दुकानदाराकडून आम्ही नेहमी सामान घेतो. त्याला माझी वही माहीत आहे. तो म्हणाला, "भाभी, आँख बंद करके ये लेके जाओ." त्यानं दाखवला तो मोठ्या कामांसाठीचा प्रोसेसर होता, भरपूर कोअरचा. कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आतले काम करणारे हात. जितके जास्त हात, तितकं रेंडर लवकर, कारण रेंडरचं चित्र तुकडे करून सगळ्यांत वाटता येतं. उन्हाळ्यात गच्चीवर पापड लाटायला गल्लीतल्या सगळ्या बायका बसल्या की दुपारपर्यंत वाळवणाच्या साड्या भरतात, तसं. माझ्या पहिल्या ओळीला हा प्रोसेसर अगदी चोख उतरत होता.

पण मी फाईल बरोबर नेली होती. चपला घेताना पाय नेतो, तसं. दुकानदारानं शिल्पाच्या सॉफ्टवेअरची ट्रायल दोन मशीनवर टाकून दिली. एक ते भरपूर हातांचं, दुसरं कमी हातांचं, पण त्यातला प्रत्येक हात जास्त चपळ. मिस्टर आधी मोठ्यावर बसले. आमच्या जुन्या मशीनपेक्षा बरं होतं, तरी पेनामागून रेघ किंचित उशिरा येत होती. मला दिसलीसुद्धा नसती. त्यांच्या कपाळावर दिसली.

मग ते दुसऱ्यावर बसले आणि तिथंच राहिले. पेन गालावरून फिरलं, गाल पेनाबरोबर आत गेला. भुवई, कानाची पाळी, मानेची शीर. त्यांनी जीभ दातांत धरली होती. मातीत काम करताना ते तशी धरायचे. ऑपरेशननंतर मी ती पहिल्यांदाच पाहिली. एक गिऱ्हाईक आलं आणि गेलं. दुसरं आलं. शेवटी दुकानदार म्हणाला, "साहेब, घर लेके जाओ, फिर आराम से बनाओ. दुकान बंद करनी है जुमे की नमाज के लिए."

"भाभी, लेकिन रेंडर इसमें टाइम लेगा," त्यानं मला प्रामाणिकपणे सांगितलं. "बाद में बोलना नहीं."

मला ते कळत होतं. पापड वाटून देता येतात. पण बाळाच्या डोळ्यात काजळ घालायला एकच हात लागतो, आणि तो वेळेवर लागतो. मायसमोर मिस्टरांचं काम हे असं काजळाचं होतं. मी पहिली ओळ खोडली, चपळ प्रोसेसर घेतला, आणि किमतीतल्या फरकाचे जे पैसे वाचले त्यात रॅम वाढवून घेतली, कारण जड फाईलला जागाही लागते. मिस्टर गाडीत म्हणाले, "रेंडरचं काय करशील?"

"माझं मी बघीन. तुम्ही गालाचं बघा."

मशीन जोडून झालं, तसं मी मायला बोलावलं. या वेळी दोन्ही मुलं आणि थोरली सून असे सगळेच आले. मी पोहे केले. माय स्क्रीनला लागून बसली आणि बोलायला लागली. डोळे बारीक करा, उन्हात चालून बारीक झालते. ती म्हणायची आणि डोळे बारीक व्हायचे. हनुवटी जरा फुडं. हनुवटी पुढं यायची. तिच्या आणि त्यांच्या मध्ये मशीन आहे हे कोणाच्या लक्षातही राहिलं नाही.

"माय, बाबा इतका बी रागीट नव्हता," थोरला म्हणाला.

"तुझ्यावर नव्हता. माझ्यावर व्हता."

सून पदराआड हसली. मिस्टरांनी ओठांचा एक कोपरा थोडा खाली ओढला आणि माय बोलायची थांबली.

"मावशी, अजून हलवू का?" मिस्टरांनी विचारलं.

"हात लावू नका." मग ती आम्हाला नाही, स्क्रीनला बोलायला लागली. "बघा, कसे बघायलेत. ताटात मीठ कमी पडलं की आसंच बघायचे. तोंडानं सांगायचे नाय. मीच वळखायचं."

धाकट्यानं तोंड वळवलं. मिस्टर पेन हातात तसंच धरून बसले होते. मी त्यांच्या खांद्याकडं पाहिलं. तो सैल होता.

उठता उठता मायला मी घोंगडीचं रेंडर दाखवलं. चेहऱ्याचं ठरायच्या आधी घोंगडी तरी उरकावी म्हणून मी ते नव्या मशीनवर आदल्या रात्रभर लावून ठेवलं होतं. लोकर एकदम सुरेख आली होती.

माय वाकली. "लई कोरं दाखवलं. इतकं सोच्छ घोंगडं त्यांनी जल्मात घेतलं नाय. कोकराचं अंग पुसायचं, चुलीवरलं उतरवायचं, समदं त्याच्यानंच. मळवा जरा."

मळवायचं म्हणजे रेंडर पुन्हा पहिल्या तंतूपासून. मी तोंड उघडलं. पण मिस्टरांनी मला विचारलंच नाही. खुर्ची पुढं ओढून ते म्हणाले, "बसा की मावशी. तुमच्यासमोरच मळवतो. सांगा, कुठून सुरू करू?"

माय पुन्हा बसली. थोरल्यानं घड्याळाकडं पाहिलं. मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून आला होता. मी त्याला आणखी पोहे वाढले.