प्रलंबित एक

जिल्हा नवा होता तेव्हा त्याच्या संगणक कक्षात तीन यंत्रं होती आणि त्यांतली दोन झाकलेली असत. तिसऱ्यावर मी. कक्षप्रमुख म्हणून माझी नेमणूक झाली तेव्हा कक्ष म्हणजे मी, एक पंखा आणि चपला बाहेर काढा असं सांगणारा बोर्ड. संगणकाला धूळ चालत नाही, ही एवढी एकच गोष्ट कार्यालयातल्या सगळ्यांना ठाऊक होती. त्यामुळे पहिली काही वर्षं माझ्याकडे लोक देवळात यावं तसे अनवाणी यायचे आणि काही न विचारता परत जायचे.

सहा-सात वर्षांनी हे बदललं. आता प्रत्येक साहेबाला काहीतरी संगणकीकृत करून हवं होतं. आमच्या साहेबांच्या नजरेत बेट भरलं.

बेट म्हणजे एका मोठ्या जलाशयाच्या पोटात उरलेला टोला, एक वाडी. धरण झालं तेव्हा खालची वस्ती उठली आणि उंचावरची पन्नास-साठ घरं राहिली. पावसाळ्यापासून होळीपर्यंत चारही बाजूंनी पाणी. उन्हाळ्यात एका अंगानं चिखलातून वाट निघायची. बाकी सगळं येणं-जाणं डोंग्यानं, लाकडी नावेनं. या टोल्याला स्वतःची ग्रामपंचायत होती. सात सदस्य, दोन खोल्या, एक शिपाई. इतकं लहान आणि इतकं पाण्यानं वेढलेलं सरकार मी दुसरं पाहिलं नाही.

शिपाई म्हातारा ढिवर होता, मासेमाराच्या घरातला. पंचायतीचा झाडू, घंटा आणि टपाल त्याच्याकडे. पण त्याचं खरं काम त्याच्या नेमणूकपत्रात नव्हतं. घाटावर, पंचायतीच्या बाहेरच्या भिंतीला एक लांब फळी ठोकलेली होती. तिच्यावर खुंट्यांच्या दोन ओळी. गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची एक बांबूची कांडी, दोन्ही टोकांना भोक पाडलेली, तापल्या सळईनं खूण उमटवलेली. कुणाचा मासा, कुणाचा नांगर, कुणाचं नुसतं फुलीसारखं काहीतरी. डोंग्यात पाय ठेवण्याआधी आपली कांडी वरच्या खुंटीवरून काढायची आणि खालच्या खुंटीवर लावायची. परत आलं की पुन्हा वर. पलीकडे रात्रीचा मुक्काम असेल तर कांडी उलटी लावायची. दिवेलागणीला म्हातारा फळीसमोर उभा राहायचा. खालच्या ओळीत सुलटी कांडी दिसली की डोंगे शोधायला निघायचे.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यानं हे मला सगळं करून दाखवलं, अगदी माझ्या हातात कांडी देऊन.

"आणि रोज पाहता तुम्ही?"

"पायतो ना. खालची ओळ खाली झाल्याबिगर मी जेवत नाई, बाई."

"कधी उशीर झाला तर?"

"मंग बुढी शिव्या देते. तिले काय, रांधून मोकळी. मले माणसं मोजा लागते."

मी हसले आणि वहीत लिहिलं : पारंपरिक नोंदपद्धती, संगणकीकरणास योग्य. ती वही अजून माझ्याकडे आहे.

दुसऱ्या कुठल्यातरी जिल्ह्यात नाव उलटली होती, आणि जलप्रवाशांची नोंद ठेवा असं पत्र वरून आलेलं होतं. आमच्याकडे बेट होतं, पत्र होतं आणि साहेबांना पारितोषिकाची इच्छा होती. प्रणाली मी स्वतः लिहिली. गेलेल्याची नोंद, परतल्याची नोंद, वेळ, आणि शेवटी प्रलंबित किती तो आकडा. संगणक डोंग्यातून नेला. दोन माणसांच्या मांडीवर, गादीत गुंडाळून, बाळंतिणीसारखा. सौर पट्ट्या छपरावर चढल्या. चालवायला म्हाताऱ्याच्या सुनेला नेमलं. ती बारावी झालेली, गावातली एकटीच. आठ दिवस मी तिला शिकवलं आणि नवव्या दिवशी तिनं माझी एक चूक काढली.

उद्घाटनाला पाहुणे आले. त्यांच्यासाठी मोटरबोट मागवली होती, ती गाळात रुतली, आणि ज्या डोंग्यांना आम्ही फोटोतून दूर ठेवायचं ठरवलं होतं त्याच डोंग्यांतून पाहुणे उतरले. भाषणात आमच्या बेटाची तुलना परदेशातल्या कुठल्याशा बेटाशी झाली. सरपंचानं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "तिथं धान होते का, म्याडम?"

कोनशिला बसवायला जागा एकच होती. घाटावरून दिसेल अशी, पंचायतीची बाहेरची भिंत. फळी आदल्या दिवशीच काढली होती. म्हातारा ती दोन्ही हातांत धरून उभा होता.

"कायले काढली जी?"

"आता हे सगळं आत होईल, बाबा. तुमची सून करेल."

"आतमंदी? मंग लोकायले दिसन कसं?"

मी म्हटलं, की लोकांनी बघायची गरजच नाही आता. हे मी फार प्रेमानं म्हटलं होतं. त्यानं फळी घरी नेली आणि म्हशीच्या गोठ्यात उभी करून ठेवली.

पुढचं सांगताना मला घाई करावीशी वाटते, म्हणून सावकाश सांगते.

पहिल्या महिन्याच्या बैठकीत साहेबांनी बेटाचा तक्ता पाहिला. शेवटच्या रकान्यात एका दिवसापुढे तीन होतं.

"हे तीन प्रलंबित कसे?"

"सर, पलीकडे मुक्कामाला गेलेत. लग्न आहे."

"लग्न असू दे. प्रलंबित दिसता कामा नये. वर काय पाठवायचं आपण? शून्य पाहिजे."

उलट्या कांडीसाठी मी प्रणालीत जागाच ठेवली नव्हती. ती तेव्हा ठेवता आली असती, अर्ध्या दिवसाचं काम होतं. पण बैठक चालू होती, साहेब घाईत होते, आणि बाकी सगळ्या खात्यांच्या तक्त्यात शून्य होतं. मी कक्षात आले आणि एक अट घातली : सगळे परतल्याशिवाय दिवस बंद होणार नाही. मनाची समजूत अशी घातली, की यामुळे तरी चालवणारी प्रत्येकाचा शोध घेईल. वास्तविक सरकारी नोकरीत बारा वर्षं काढलेल्या माणसाला, शून्य मागितलं की शून्य कसं येतं हे शिकवावं लागत नाही.

बेटावर टेलिफोनची तार नव्हती. म्हणून बंद केलेला दिवस फ्लॉपीवर घेऊन तालुक्याच्या कार्यालयात पाच वाजायच्या आत पोचवायचा. नेणार कोण? शिपाई. डोंगा, मग पाऊण तासाची वाट, मग मिळेल ती गाडी. पाचला पोचायचं तर बेटावरून दोनला निघायला हवं. दोनला निघायचं तर त्याआधी दिवस बंद व्हायला हवा. आणि दिवस बंद व्हायचा तर सगळे परतलेले हवेत. म्हणून सून रोज दीडच्या सुमाराला, गेलेल्या प्रत्येकापुढे परत, परत, परत असं भरायची. शेवटी सासऱ्याचं जाणं भरायची, सासऱ्याचं येणंही भरायची, आणि फ्लॉपी प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच्या हातात द्यायची. तो आपलं परतणं खिशात घेऊन निघायचा.

वेळेचा रकाना मीच ठेवला होता. दिवस बंद, दुपारी एक चाळीस. दिवस बंद, एक पंचेचाळीस. हे मी दर आठवड्याला पाहत होते. विचारलं नाही. पारितोषिक मिळालं, त्याची फ्रेम साहेबांच्या खोलीत लागली.

भादव्यात वारा सुटतो तेव्हा त्या पाण्यावर लहान डोंगा घेऊन जात नाहीत. तो गेला, कारण फ्लॉपी जायची होती. सुनेनं मला नंतर सांगितलं, ती त्याला नको म्हणाली होती. तो म्हणाला, "सरकारचं काम आहे वं. तुयी नोकरी आहे."

संध्याकाळी तो आला नाही. पलीकडच्या काठावरच्या गावात त्याची लेक दिली होती, वारं असलं की तो तिच्याकडे राहायचा. घरच्यांनी तेच धरलं. जेवून झोपले. फळी भिंतीवर असती तर कुणालाही दिसलं असतं, की त्याची कांडी सुलटी आहे की उलटी. कारण मुक्काम पक्का ठरला असेल तरच तो कांडी उलटी करून निघायचा. आणि सुलटी असती तर त्या वाऱ्यातही चार डोंगे निघाले असते. हे मला गावातल्या एकाहून अधिक माणसांनी सांगितलं, दोष देत नव्हते, नुसतं कसं चालायचं ते सांगत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याच्या कार्यालयातून काठावरच्या दूधवाल्याजवळ निरोप आला : कालची फ्लॉपी अप्राप्त, खुलासा करावा. तेव्हा बेट उठलं. माणूस हरवल्याचं कुणाला कळलं नव्हतं. फ्लॉपी हरवल्याचं कळलं.

दुपारी सापडला. बुडालेल्या जंगलातले सागाचे वाळके बुंधे अजून त्या पाण्यात उभे आहेत. अशाच एका बुंध्याला त्यानं स्वतःला गमछ्यानं बांधून घेतलं होतं. गाठ त्याच्या हातची होती, जाळं बांधणाऱ्याची. म्हणजे डोंगा उलटल्यावर तो बुडाला नव्हता. बराच वेळ होता. दिवेलागणीला डोंगे निघतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

पिशवी छातीशी होती, कोरडी. फ्लॉपी माझ्याकडे तपासणीला आली. मी ती लावली. उघडली. त्याचं नाव सगळ्यात शेवटी होतं. गेला : हो. परतला : हो. प्रलंबित : शून्य.

चौकशीत माझा अभिप्राय मागवला गेला. मी लिहिलं, प्रणालीत तांत्रिक दोष आढळला नाही. हे वाक्य खरं आहे. मी आयुष्यात इतकं खरं आणि इतकं वाईट वाक्य दुसरं लिहिलेलं नाही.

दिवाळीनंतर बेटावर गेले. कुणी बोलावलं नव्हतं. डोंग्यातून उतरताना दिसलं, कोनशिलेच्या खाली, जरा तिरकी, फळी परत ठोकलेली आहे, आणि तिच्या खालच्या ओळीत एक कांडी. सून आत संगणकासमोर बसली होती. तिनं उठून मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"म्याडम, बंद झालेला दिवस उघडते का?"

"कशाला?"

"मी खोटं भरलं ना जी बाबाचं. वापस आले मनून. माह्याच हातानं भरलं. तेवढं दुरुस्त करतो मनलं."

"तुझ्या हातानं नाही भरलं ते," मी म्हणाले. "मी भरायला लावलं."

ती म्हणाली, "तुमी तं इथं नोत्या."

बंद दिवस कुणालाच उघडता येऊ नये, ही व्यवस्थाही माझीच होती. पण माझ्याजवळ किल्ली होती, म्हणजे पासवर्ड. मी दिवस उघडला आणि उठून तिला जागा दिली. तिनं हो खोडून नाही लिहिलं. खाली आपोआप आकडा बदलला. प्रलंबित : एक. मग मी तिथंच बसून ती अट काढून टाकली, आणि मुक्कामाची नोंद घातली. अर्धा दिवसही लागला नाही.

पुढे दर महिन्याच्या गोषवाऱ्यात जिल्हाभर शून्यं आणि बेटापुढे एक येऊ लागला. साहेब बदलले, नवे आले. दर बैठकीत तेच.

"मॅडम, ये एक क्या है? क्लिअर क्यूँ नहीं हो रहा?"

"सर, तो माणूस परत आलेला नाही."

"मतलब?"

मी सांगायची. ते पुढच्या विषयाकडे वळायचे. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारायचे. मला ते विचारणं आवडू लागलं होतं. महिन्यातून एकदा का होईना, एका सरकारी खोलीत कुणीतरी विचारत होतं की तो कुठे आहे.

मग माझी बदली झाली. कक्षाची किल्ली आणि पासवर्ड मी नव्या माणसाच्या हाती दिला आणि त्या एकाबद्दल त्याला सगळं सांगितलं. त्यानं मान डोलावली, लिहूनही घेतलं.

तिसऱ्या महिन्यात सुनेचा फोन आला. तोवर काठावर मोबाइलचा टॉवर लागला होता आणि वारं बरं असलं की बेटावर आवाज पोचायचा.

"म्याडम, गोषवारा आला. आपल्यापुढे शून्य आहे. बाबाले कोणी वापस आणलं का जी?"

तिकडे पाण्याचा आणि कुणाच्या तरी हाकेचा आवाज येत होता.

"फळीवरची कांडी तशीच आहे," ती म्हणाली. "खाली. सुलटी."